कमरेएवढं कुंपण

सोलापूर,
मंगळवार, ९ डिसेंबर

येडूबा पाव्हण्यांना सिद्धराम दाजीचा रामराम. बिरोबाच्या कृपेने तुमची मेंढरं, तुम्ही, लेकरंबाळं आणि निंगव्वा (तुमचा जीव ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने लिहिलं आहे) सगळी खुशाल असाल. निंगव्वाचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल गुडघ्याला लागलं की तुमच्या मिशीला, तेही कळवावं. इकडे मी ठीक आहे. रक्तदाब आहे, पाय सुजतात, डाव्या कानात शिट्टी वाजते, रेशनच्या दुकानातलं मशीन माझा अंगठा ओळखत नाही, आणि परवा छातीत काहीतरी झालं ते बहुतेक वांग्याच्या भाजीचं होतं. एकूण ठीक. तुमची अक्का माझ्याहून ठीक आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमचा मोबाईल टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही आणि माझा मोबाईल स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाही. स्पीकर लावला की अक्का येऊन शेजारी बसते. तिच्याबद्दलचं तिच्यासमोर कसं बोलायचं? म्हणून पत्र. तुमच्या नातीने, प्रियंकाने, हे मोठ्याने वाचून दाखवावं. कंसातलंही वाचावं. चौथी पास माणसाने लिहिलं आहे म्हणून मध्ये मध्ये हसू नये. ती बारावीला आहे, तिला चाचणीत किती पडले ते मी विचारलेलं नाही, तिनेही माझ्या अक्षराबद्दल बोलू नये.

तर मुद्दा असा, की मागच्या जत्रेत तुम्ही चारचौघांत म्हणाला होता, "दाजी, अक्काला वस्तीवर धाडा, तुमच्यानं न्हाय व्हायचं." ते मला लागलं होतं. (अजून लागलेलं आहे.) म्हणून मुद्दाम कळवतो, की माझ्याने सगळं व्यवस्थित होत आहे. कसं होत आहे ते खाली वाचावं.

तुम्हाला ठाऊकच आहे, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात अक्काला ताप आला. ताप उतरला, पण उतरताना तिच्या डोक्यातली तीस वर्षं घेऊन गेला. तेव्हापासून ती रोज सकाळी सहाला उठते, काष्टा घट्ट मारते आणि मेंढरं सोडायला निघते. मेंढरं आपण विकली त्याला तीस वर्षं झाली. ज्याला विकली तोही वारला. पण हे तिला सांगितलं की ती माझ्याकडे अशी बघते, की मीच दारू पिऊन आलो आहे. आमच्या वसाहतीपासून मोठा रस्ता शंभर पावलांवर. सध्या कारखाने सुरू आहेत, उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत, कर्णे लावून जातात. ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही आणि मागचं ऐकू येत नाही. ती एकदा त्या रस्त्यावर चढली तर काय होईल, हा विचार माझ्या मनात दिवसातून चाळीस वेळा येतो. (रक्तदाब त्याचाच आहे.)

म्हणून मी कुंपण केलं. आमची वसाहत महापालिकेची, भाड्याची. एकेक खोली, पुढे नऊ बाय बारा फुटांचं अंगण. खोली महापालिकेची, अंगण महापालिकेचं, त्यातली धूळ तेवढी भाडेकरूची. त्या अंगणाला मी बाभळीच्या फांद्या आणून छातीएवढं काटेरी कुंपण घातलं, आपल्या मेंढरांच्या वाड्याला घालत होतो तसं. दाराला पत्र्याचा तुकडा, त्याला सुतळी. अक्का सुतळी सोडायची, हे खरं. पण दोन पावलं टाकून परत आत यायची. मी म्हणायचो, बघा, काट्याची जरब आहे.

आता शेजारी गुरुबसप्पा. अक्कलकोटकडचा माणूस, निम्मं कानडी बोलतो आणि निम्मं मनात ठेवतो. नळावरच्या पाळीवरून चार वर्षांपूर्वी आमचं वाजलं, तेव्हापासून अबोला. त्याचं अंगण माझ्या दाराच्या बरोबर समोर. त्याने कुंपण कशाचं केलं होतं? मोडकी खाट, गंजलेली स्प्रिंग, कुठल्यातरी शाळेचं निम्मं फाटक, आणि या सगळ्यावर माझ्या दाराकडे तोंड करून एका उमेदवाराचा सात फुटी फ्लेक्स. उमेदवार पडलेला, डिपॉझिटसुद्धा गेलेलं, पण हात जोडून हसायचा थांबलेला नव्हता. अक्का दार उघडायची, त्याला बघायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि आत येऊन म्हणायची, "अवं, पाव्हणं उबं हायत भाईर, च्या टाकते." मग चहा व्हायचा, कप घेऊन ती बाहेर जायची, आणि तो कप कोण प्यायचा ते मी कधी बघितलं नाही. एका पडलेल्या माणसाला माझ्या घरचा चहा रोज जातो, याचाच मला संताप. निवडून आला असता तर गोष्ट वेगळी होती.

म्हणून मी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज केला. शेजाऱ्याच्या कुंपणाला काहीतरी नियम असावा, अशी विनंती. येडूबा, आमच्या गटारीसाठी मी याच कार्यालयात चार वर्षांत अकरा अर्ज केले आहेत. गटार अजून तशीच आहे, फक्त तिच्यात आता बेडूक जास्त आहेत. पण कुंपणाचा अर्ज त्यांना इतका आवडला, की नवव्या दिवशी बोलावणं आलं. भाडेकरू वसाहतींच्या कुंपणांची मानके ठरवण्यासाठी समिती नेमली. (मानके म्हणजे नियमच, पण इस्त्री केलेले.) समितीत तिघं. एक ऋतुजा मॅडम, इंजिनियर, वयाने प्रियंकाहून फार मोठ्या नसतील, हातात पाटीएवढा मोबाईल. दुसरा मी, अर्जदार म्हणून. तिसरा गुरुबसप्पा, दुसरी बाजूही असावी म्हणून.

मॅडमनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "आजोबा, उंची किती ठेवायची? तुमचा अनुभव सांगा." माझा अनुभव! मेंढरं विकल्यावर पंचवीस वर्षं मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहिली, एकदाही कुणी म्हणालं नाही की सिद्धराम, तुझा अनुभव सांग. मला एकदम भरून आलं. मी आयुष्यात मन लावून एकच कुंपण बघितलं आहे, ते मेंढरांचं. मी म्हणालो, "कमरेएवढं बास की. त्याच्यावरनं मेंढरू उडी मारत न्हाय." मॅडमनी लिहून घेतलं. जास्तीत जास्त तीन फूट. एवढ्या मोठ्या शहराने माणसांच्या कुंपणाची उंची मेंढराच्या उडीवरून ठरवली, आणि ती उडी मी सांगितली. माझं स्वतःचं कुंपण छातीएवढं आहे हे मला तेव्हा आठवलं नाही. समोर गुरुबसप्पा बसला होता, मला त्याचंच दिसत होतं.

मग मला जोर चढला. कुंपणातून आरपार दिसलं पाहिजे, असं मी म्हणालो. (फ्लेक्ससाठी.) कुंपणाने कुणाला इजा होता कामा नये, असंही म्हणालो. (गंजलेल्या स्प्रिंगसाठी.) मॅडमनी त्यांच्या पदरचं एक घातलं, की कुंपण न खणता काढता-घालता आलं पाहिजे, कारण खालून पाण्याची लाईन गेलेली आहे. (पाणी पाच दिवसांआड येतं, पण लाईन आहे.) गुरुबसप्पा प्रत्येक वाक्याला "हौदु, हौदु" म्हणत होता, म्हणजे होय होय, आणि बिस्किटं खात होता. एकदाच माझ्याकडे वळून म्हणाला, "सिद्धरामा, इच्यार करून बोल बरं." मला वाटलं, घाबरला. मी तीन प्रतींवर तीन सह्या ठोकल्या, पूर्ण नावानिशी, आडनावाखाली रेघ मारून.

पुढच्या आठवड्यात नोटिसा निघाल्या. गुरुबसप्पाने त्याची वाचली आणि त्याच दिवशी खाट, स्प्रिंग, फाटक, उमेदवार सगळं उचलून आत नेलं. नियमांत कुंपण असलंच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही, त्यामुळे त्याचं नसलेलं कुंपण सगळ्या मानकांत बसलं. वसाहतीत पहिला दाखला त्याला मिळाला. त्याने तो दारावर चिकटवला आहे. आणि दुसऱ्या दिवशी तीच पिवळी नोटीस माझ्या दारावर. उंची जास्त, काटे इजा करणारे, आरपार दिसत नाही, पंधरा दिवसांत काढावे, नाहीतर खोलीचा भाडेकरार रद्द होईल. खाली समिती सदस्य म्हणून माझी सही. आडनावाखाली रेघ. नोटीस मिळाल्याची पोच म्हणून शिपायाने माझ्याकडूनच आणखी एक सही घेतली. दोन्ही सह्या जुळतात का ते त्याने निरखून बघितलं.

खोली गेली तर अक्काला घेऊन जायचं कुठे? (तुमच्याकडे, हे मला माहीत आहे. मध्ये बोलू नये.) म्हणून काटे काढले. बोटांतून रक्त निघालं ते निघालं. त्या जागी तीन फुटी बांबूच्या कामट्यांचं, आरपार दिसणारं, कुणाला ओरखडाही न काढणारं, शहाण्या बाळासारखं कुंपण घातलं. अक्काने सकाळी उठून ते एकदा बघितलं, लुगडं वर खोचलं, आणि बांध ओलांडावा तसं ओलांडून गेली. बहात्तर वर्षांची बाई! मेंढरू उडी मारत नाही हे मी समितीत बरोबरच सांगितलं होतं. मेंढरं राखणारीचं कुणी विचारलंच नव्हतं.

पाऊण तास मी अनवाणी धावलो. मोठ्या रस्त्याच्या कडेला, वसाहतीपासून बरंच पुढे, कडुलिंबाखाली, तुमची अक्का सापडली. समोर शाळेच्या गाडीसाठी थांबलेली पोरं, पांढऱ्या गणवेशातली. तिने ती सगळी झाडाखाली एका जागी दाबून उभी केली होती आणि काठीने मोजत होती. पोरंही गप उभी. (त्यांच्या बाईंना ते कधी जमलेलं नाही, असं त्या बाईच म्हणाल्या.) मला बघून अक्का म्हणाली, "अवं, दोन कमी हायत." मागून उसाचा ट्रॅक्टर गेला, तिच्या पदराला वारा लागेल इतका जवळून.

त्याच दिवशी दुपारी ऋतुजा मॅडम टेप घेऊन तपासणीला आल्या. बांबू मोजला, छान म्हणाल्या. फक्त कामट्या जमिनीत पुरल्या आहेत, तेवढ्या काढायच्या. मी तिथेच खाली बसलो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही, पण सगळं बोललो. ताप, मेंढरं, रस्ता, पदराला लागलेला वारा. त्या बराच वेळ टेपची पट्टी आत-बाहेर करत राहिल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, हे समितीत का नाही सांगितलंत?" आता काय सांगायचं? गुरुबसप्पा समोर बसलेला असताना माझी बायको मला कधी कधी ओळखत नाही, हे मी कसं म्हणणार होतो? मी मेंढराची उडी सांगितली.

मॅडम म्हणाल्या, उंचीची सवलत मिळू शकते, अर्ज करा, समिती विचार करेल. समिती म्हणजे तिघं. पण स्वतःच्या कुंपणाबद्दल मला मत देता येत नाही, आणि एकट्या मॅडमच्या सहीने चालत नाही. राहिला कोण? हा नियमही मीच घालायला लावला होता, गुरुबसप्पाने स्वतःच्या बाजूने सही करू नये म्हणून.

तर येडूबा, चार वर्षांनी मी त्या माणसाच्या उंबऱ्यावर गेलो. कागद पुढे केला. त्याने चष्मा शोधायला जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावला. मग सही केली आणि म्हणाला, "काटं घाल न्हायतर भिंत बांध, वैनी जानारच. त्यो फ्लेक्स पायजे व्हता." मला वाटलं टोमणा मारतो. तर म्हणाला, "श्रावणात वैनी रस्त्याकडं निघाली व्हती. म्या हाका मारल्या, थांबंना. भिंतीवरच्या त्या फोटूम्होरं मातर थांबली, पदर घेतला, मागं फिरली. म्हनून त्यो काढून आनला अन् तुझ्या दारासमोर बांधला. मागनं पडू नये म्हनून खाट लावली. च्या बी मीच पीत व्हतो रोज. साखर लई घालती की ती." मी म्हणालो, "मग मला सांगायचं न्हाय व्हय?" तर म्हणाला, "तू बोलतूस व्हय माझ्यासंगं?"

म्हणजे माझ्या काट्यांनी वर्षभर काही केलं नव्हतं. जे कुंपण तिला अडवत होतं, ते मी अर्ज करून, समितीत बसून, तीन प्रतींत पाडलं.

सवलत मिळाली ती उंचीपुरती, तीही माझ्याच कुंपणाला. फ्लेक्स आता परत लावता येत नाही, आरपार दिसत नाही म्हणून. त्यातला निम्मा गुरुबसप्पाच्या गळक्या पत्र्यावर गेला आहे. म्हणून दुसऱ्या दिवसापासून सहाच्या ठोक्याला गुरुबसप्पा स्वतः पांढरा सदरा घालून त्या जागी उभा राहतो. हात जोडतो. त्या उमेदवारासारखा हसतो. (त्याला हसायची सवय नाही, सुरुवातीला कुत्री भुंकायची.) अक्का दार उघडते, पदर घेते, आत येऊन चहा टाकते, आणि चहा होईपर्यंत मेंढरं विसरलेली असतात. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, "पाव्हणं लई वाळल्यात हो." तो तीन चमचे साखरेचा चहा तो निमूट पितो. त्याला मधुमेह आहे. तक्रार करत नाही, त्याने मला जास्त त्रास होतो. मीही एकदा उभा राहून बघितलं. हात जोडले, हसलो. अक्का म्हणाली, "अवं, वाटंतनं सरका, मेंढरं खोळंबल्यात."

तर असं सगळं माझ्याने व्यवस्थित होत आहे, काळजी नसावी. निंगव्वाला आशीर्वाद, तुम्हाला रामराम, मेंढरांना जे काय सांगत असाल ते.

तुमचा दाजी,
सिद्धराम

ता. क. तुमच्या माळ्यावर सासूबाईंची जुनी वाघर आहे ती पाठवावी. (प्रियंका, वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं दोरीचं जाळं. तुला ते क्रिकेटचं वाटेल.) मॅडमना विचारून घेतलं आहे. तीन फुटांत बसते, आरपार दिसते, टोचत नाही, खणावं लागत नाही, नुसती दगडांना बांधायची. सगळ्या मानकांत बसणारं कुंपण शेवटी आपल्याच घरातलं निघालं. वाघर ओलांडली म्हणून सासूबाईंनी अक्काला लहानपणी किती मारलं होतं, ते तुम्हीच मला हसत सांगितलेलं आहे. तेवढं ती विसरलेली नसावी, अशी आशा आहे.

दुसरी ता. क. गुरुबसप्पाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बावीस तारखेला आहे. तीन आठवडे त्याला धुळीत उभं राहता येणार नाही. वाघर काम करेल की नाही हे कळेपर्यंत दारासमोर उभा राहायला कुणीतरी लागेल. उंची तुमची बरोबर आहे. पांढरं धोतर आणावं. हात जोडायचे आणि हसायचं, बाकी काही काम नाही. उमेदवाराला मिशी नव्हती, त्याचा घरून निघतानाच विचार करावा. ती तुम्हाला भाऊ म्हणून ओळखेल की पाव्हणं म्हणून, ते मी सांगू शकत नाही. चहा दोन्हींत मिळेल. जत्रेत तुम्ही म्हणालात की माझ्याने व्हायचं नाही. नाही होत. (प्रियंकाने हे दोन शब्द हळू वाचावेत.)

तिसरी आणि शेवटची. हे लिहिताना अक्का शेजारी येऊन बसली, कुणाला लिहिता म्हणाली. येडूला म्हणालो. तशी ती म्हणाली, "त्येला म्हनावं, दोन अजून घावली न्हाईत." म्हणून एकटे येऊ नका. प्रियंकालाही आणा.